आठ व्होल्ट कुठे गेले?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आयटीआयमध्ये वायरमनच्या मुलांना मी सव्वीस वर्षं एकच गणित शिकवलं. व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध मिळतो, ओहममध्ये. व्होल्टला अँपिअरने गुणलं की शक्ती मिळते, वॅटमध्ये. मुलं वहीत उदाहरणं सोडवायची, पास व्हायची. पण या गणिताने मला घाम फोडला तो निवृत्तीनंतर, आत्याच्या घरी.

आत्या वाईला राहते. २०२२ च्या जानेवारीत तिच्याकडे मुक्कामाला होतो. पहाटे पाचला जळका वास आला म्हणून उठलो. न्हाणीघरात बादलीत पाणी तापवायचा रॉड लावलेला. जवळ सॉकेट नाही, म्हणून बाहेरच्या खोलीतून एक्स्टेन्शन बोर्ड ओढलेला. तो बोर्ड दोन वर्षांपूर्वी मीच आणून दिला होता, हेही सांगून टाकतो.

"वास रोजचाच आहे रे," आत्या म्हणाली. "पण पाणी तापतंय ना!"

बोर्डाची पिन भिंतीतून उपसली तर हाताला चटका बसला. आणि त्या सॉकेटला लागूनच अंथरुणांची चळत.

रॉडवर १५०० वॅट लिहिलेलं होतं. २३० व्होल्टला तो साडेसहा अँपिअर घेतो. बोर्डाची पिन सहा अँपिअरची. चूक इथेच झाली होती, पण तेवढ्याने चटका बसत नाही. म्हणून अंथरुणं हलवली, पिशवीतला मीटर आणि टाँग टेस्टर काढला आणि रॉड पुन्हा सुरू केला. (चालू विजेवरचं हे काम आहे. घरी कुणी करू नये, वायरमनला बोलवावं.) भिंतीवरच्या शेजारच्या सॉकेटात २२६ व्होल्ट होते. बोर्डाच्या दुसऱ्या सॉकेटात २१८. टाँग टेस्टर स्विचबोर्ड उघडून एकट्या फेजच्या तारेला लावावा लागतो. दोन्ही तारा एकत्र धरल्या तर तो शून्य दाखवतो. प्रवाह होता ६.२ अँपिअर.

मग आठ व्होल्ट गेले कुठे? आठ भागिले ६.२, म्हणजे सुमारे १.३ ओहम. आठ गुणिले ६.२, म्हणजे जवळजवळ ५० वॅट. तीन मीटर चांगल्या तांब्याच्या वायरीचा, जाऊन-येऊन, रोध भरतो ०.१४ ओहमच्या आसपास. तिच्यात होणारी पाचेक वॅटची उष्णता सगळ्या लांबीवर पसरते, हाताला कळतही नाही. उरलेला सव्वा ओहमच्या आतला रोध एकाच जागी होता. पिन उघडली. एक स्क्रू सैल, त्याखालची तार काळी पडलेली, प्लास्टिक वितळलेलं. शेंगदाण्याएवढ्या जागेत चव्वेचाळीस वॅट! रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची कथील वितळवणारी सोल्डरिंग आयर्न बहुधा पंचवीस वॅटची असते.

तुम्ही म्हणाल, घरात एमसीबी आहे की. आत्याकडेही होता, १६ अँपिअरचा. पण एमसीबी फक्त प्रवाह पाहतो आणि सैल जोडामुळे प्रवाह वाढत नाही, उलट किंचित कमी होतो. एमसीबीच्या दृष्टीने सगळं आलबेल. वीजबिलातही ते दिसत नाही. चाळीस मिनिटांत पन्नास वॅट म्हणजे युनिटचा तिसावा हिस्सा. नाकाला वास येतो आणि बोटाला चटका बसतो, एवढीच काय ती सूचना.

साध्या मीटरने रोध थेट का मोजला नाही, असं मुलंही विचारायची. मीटरच्या स्वतःच्या तारांचाच रोध अर्धा ओहम भरतो आणि गार जोड गरम जोडासारखा वागत नाही. साठ वॅटचा जुना बल्ब घ्या. हिशेबाने त्याचा रोध ८८० ओहम येतो, पण विझलेला असताना मीटर त्याच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी दाखवतो. म्हणून काम चालू असतानाच व्होल्ट आणि अँपिअर घ्यायचे आणि भागाकार करायचा.

हा भागाकार आपल्याला दिला गेओर्ग ओमने, म्हणजे आपल्या पुस्तकातल्या ओहमने. जर्मनीतल्या कोलोनच्या शाळेत तो शिकवत असे. त्या काळच्या बॅटरीचा दाब टिकत नसे, म्हणून दोन धातूंच्या जोडाचं एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात ठेवून त्याने स्थिर दाब मिळवला. १८२७ साली त्याचं पुस्तक आलं, तेव्हा त्याच्याच देशात फारसं कुणी विचारलं नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये कोप्ले पदक दिलं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जूलने दाखवून दिलं की तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट, उष्णता चौपट. म्हणूनच त्या पिनेवर मोबाइलचा चार्जर दहा वर्षं चालला असता. रॉड नाही.

त्याच दिवशी वाईतल्या वायरमनला बोलावलं. न्हाणीघराच्या दाराबाहेर, उंचावर, जाड वायर ओढून १६ अँपिअरचं सॉकेट बसवलं. बोर्ड मी सोबत घेऊन आलो, तार कापून टाकली.

पंधरा दिवसांनी आत्याचा फोन आला. "अरे, पाणी आता लवकर तापतंय. की मला भास होतो?" हिशेब करून पाहिला. २१८ व्होल्टला चाळीस मिनिटं लागत असतील, तर २२६ ला सदतीस.