धानाचे तणस, बुरशीचे विकर आणि आपली जनावरे

आपला भंडारा जिल्हा धानाचा. पवनीपासून तुमसरपर्यंत धान चुरून झाले की तणसाच्या गंज्या उभ्या राहतात, आणि राईस मिलमध्ये कोंड्याची पोती साचतात. अशा कोंड्यावर, तणसावर बुरशी वाढवून तिच्यापासून विकर, म्हणजे एन्झाइम, काढता येते. ते पशुखाद्यात वापरतात. हे ऐकून कोणी म्हणेल, "मग आमच्या गंजीला पावसाने बुरशी लागलीच आहे, तीच जनावरांना घालू." बंधूंनो, इथेच घात होतो.

विकर म्हणजे काय? भाताचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो. लाळेतले विकर पिठाची साखर करते, त्याची ती गोडी. बुरशीला तोंड नाही, दात नाहीत. ती विकर बाहेर सोडते, काडीकचरा विरघळवते आणि शोषून घेते. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन फौजेचे सुती तंबू भराभर कुजले. त्यांवर सापडलेली ट्रायकोडर्मा बुरशी शास्त्रज्ञांनी जपली. काडीतला कठीण भाग फोडणारे विकर आज तिच्याच वंशापासून काढतात.

हे काम कसे करतात? कोंडा ओलावून वाफेवर निर्जंतुक करतात. थंड झाल्यावर त्यात निवडलेल्या बुरशीचे विरजण घालून काही दिवस बेताच्या उष्णतेत ठेवतात. मग विकर पाण्यात उतरवून गाळतात, सुकवतात आणि तपासतात. निवडलेली बुरशी, स्वच्छता आणि तपासणी या तिन्ही गोष्टी आपल्या गंजीत नसतात. भिजलेल्या तणसावर फ्युझेरियमसारखी विषारी बुरशीही वाढते. असे तणस खाऊन म्हशींना देगनाला रोग होतो. शेपटी, कान आणि पायाचा खालचा भाग सडतो. म्हणून काळे पडलेले, कुबट वासाचे तणस गोठ्यात नेऊ नका. ते खताच्या खड्ड्यात टाका.

आता हे विकर विकत घ्यावे कोणी? कोंबड्या पाळणाऱ्यांनी. कोंड्यातले बहुतेक स्फुरद फायटेटच्या रूपात अडकलेले असते. कोंबडीला ते नीट पचत नाही, विष्ठेतून वाया जाते. फायटेज नावाचे विकर ते मोकळे करते. १९९१ पासून ते बाजारात आहे. मात्रा पाकिटावर लिहिल्याप्रमाणेच ठेवा.

गाई-म्हशींचे तसे नाही. त्यांच्या पोटातच हा कारखाना आहे. जिवाणूंबरोबर तिथे बुरशीही राहते, हे १९७५ साली ऑर्पिन या शास्त्रज्ञाने दाखवले. त्या कारखान्याला कच्चा माल मात्र चांगला हवा. १०० किलो तणसात प्रथिने जेमतेम ४ किलो. ती वाढवण्याचा सोपा उपाय म्हणजे युरिया प्रक्रिया.

१०० किलो कोरडे, स्वच्छ तणस घ्या. ४ किलो युरिया मोजून ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवा. प्लास्टिकवर तणसाचा थर द्या, झारीने पाणी शिंपडा, तुडवा, पुन्हा थर द्या. शेवटी हवा शिरणार नाही असे झाकून २१ दिवस ठेवा. आत अमोनिया तयार होऊन काडी मऊ पडते, कच्च्या प्रथिनांचे प्रमाण शेकडा ७ ते ८ पर्यंत जाते. रोज लागेल तेवढेच काढा. उग्र वास जाईपर्यंत पसरून ठेवा, मगच घाला. सुरुवातीला थोडे थोडे द्या. सहा महिन्यांखालच्या वासरांना देऊ नका.

एक गोष्ट गाठीला बांधा. युरियाचे पाणी उघडे ठेवाल तर जनावर ते पिऊन तासा-दोन तासांत दगावू शकते. बादली नजरेआड करू नका. आणि तसे घडलेच तर पशुवैद्यकाला ताबडतोब बोलवा.

तेव्हा कोंबडीला विकर, गाई-म्हशीला प्रक्रिया केलेले तणस, आणि कुजलेले तणस खड्ड्याला, हा हिशेब लक्षात ठेवा. पहिल्या वेळी साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या, आणि एका जनावरापुरते करून बघा.