स्थितिस्थापकता आणि लवचिकता : एका इंग्रजी शब्दाची दोन मराठी रूपे



ग्रंथालयाच्या शतसंवत्सरी व्याख्यानमालेत ‘इलॅस्टिसिटी’ हा विषय पाहून काहींना नवल वाटले असेल. तथापि हा प्रश्न जितका शास्त्राचा, तितकाच भाषेचाही आहे. अकरावीला गेलेला विज्ञानशाखेचा विद्यार्थी हा शब्द पदार्थविज्ञानात शिकतो आणि वाणिज्य शाखेतील त्याचा भाऊ तोच शब्द अर्थशास्त्रात शिकतो. दोघे एका घरात राहतात, एका दिव्याखाली अभ्यास करतात. पण त्यांचे शिक्षक एकमेकांच्या वर्गात कधी जात नाहीत. परिणामी, दोघेही एकच संकल्पना शिकत आहेत असा समज होतो आणि तो समज दोघांनाही चुकीच्या वाटेला नेतो.

माळव्यातील मराठी माणसाला हा विषय समजून घेण्यासाठी दूर जावे लागत नाही. धारहून पस्तीस किलोमीटरवर मांडू आहे. हा सारा मुलूख पवारांच्या धार संस्थानाचा. जहाज महाल आणि रूपमतीचा मंडप पाहायला सहली जातात. त्याच सहलीत हा पाठही देता येतो.

प्रथम पदार्थविज्ञान. मांडूच्या परिसरातील भिल्लांचा तीरकामठा पाहावा. कामठा बांबूचा, बहुधा त्याची दोरीही बांबूच्याच चिवटीची. दोरी ओढली की कामठा वाकतो. सोडली की मूळ स्थितीवर येतो आणि येता येता बाणाला वेग देतो. विकृत झालेली वस्तू पूर्वस्थितीवर आणणारा हा जो गुण, त्याला मराठीत ‘स्थितिस्थापकता’ म्हणतात. हा शब्द इंग्रजीवरून घडवलेला नाही. वैशेषिक दर्शनात ‘संस्कार’ नावाच्या गुणाचे तीन प्रकार सांगितले आहेत : वेग, भावना आणि स्थितिस्थापक. प्रशस्तपादांच्या भाष्यात स्थितिस्थापकाच्या उदाहरणांत धनुष्य येते. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त चटईचे उदाहरण येते. गुंडाळलेली चटई उलगडली तरी पुन्हा गुंडाळू पाहते, हा अनुभव कोणत्या घरात नाही? १६७८ मध्ये रॉबर्ट हूक याने स्प्रिंगविषयी जो लॅटिन शीर्षकाचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच्या नावातही ‘पुनःस्थापनेची शक्ती’ हाच अर्थ आहे. आमच्या जुन्या परिभाषाकारांनी योग्य ठिकाणचा योग्य शब्द उचलला, हे यावरून ध्यानात यावे.

आता विद्यार्थ्याला विचारावे : पोलाद अधिक स्थितिस्थापक की रबर? बहुतेक वर्ग एका आवाजात ‘रबर’ म्हणतो. उत्तर आहे पोलाद. एक मीटर लांबीच्या, एक चौरस मिलिमीटर छेदाच्या पोलादी तारेला दहा किलो वजन टांगले, तर ती जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबते आणि वजन काढताच पूर्ववत होते. तेवढ्याच छेदाचा रबराचा धागा हे वजन पेलण्यापूर्वीच तुटेल. पदार्थविज्ञान ‘किती ताणले गेले’ एवढेच विचारत नाही. ‘तेवढे ताणण्यासाठी किती बल लागले’ हे विचारते. म्हणून येथे प्रतिबलाला विकृतीने भागतात. १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या थॉमस यंगच्या व्याख्यानांवरून या गुणांकाला त्याचे नाव मिळाले. मांडूच्या हिंडोला महालाच्या उतरत्या भिंतींतील दगडही वरच्या भाराने किंचित दबलेला असतो. ते दबणे डोळ्यांना दिसत नाही, कारण दगडाचा गुणांक मोठा आहे.

अर्थशास्त्रात ही संकल्पना आणली आल्फ्रेड मार्शल याने. हा १८६५ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत दुसरा आलेला विद्यार्थी. पहिला आलेला पुढे पदार्थविज्ञानातील लॉर्ड रॅले म्हणून प्रसिद्ध झाला. मार्शल पतिपत्नी १८८१ मध्ये सिसिलीतील पालेर्मो येथे राहत असता घराच्या गच्चीवर बसून त्याला ही कल्पना सुचली आणि तो फार हर्षित झाला, अशी आठवण त्याच्या पत्नीने केन्स यास सांगितली. १८९० च्या त्याच्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स’ या ग्रंथाने ती सर्वत्र रूढ केली. किंमत शेकडा दहाने वाढली आणि मागणी शेकडा वीसने घटली, तर लवचिकता दोन. मागणी शेकडा एकनेच घटली, तर एक दशांश. येथे परिणामाला कारणाने भागले आहे. पदार्थविज्ञानात कारणाला परिणामाने भागले होते. अपूर्णांक उलटा झाला! पोलादासारखी न हलणारी मिठाची मागणी अर्थशास्त्रात ‘अलवचिक’ ठरते आणि सहज ताणली जाणारी मागणी ‘लवचिक’ ठरते. दोन्हीकडे एकच इंग्रजी शब्द वापरणाऱ्या विद्यार्थ्याची येथे फसगत होते. मराठी विद्यार्थ्याची होऊ नये, कारण त्याच्यापाशी दोन शब्द आहेत. ‘लवणे’ म्हणजे वाकणे, प्रतिसाद देणे. ‘स्थिती स्थापणे’ म्हणजे परत येणे.

लवचिकतेचा धडा देणारा इतिहासही याच मुलखाचा आहे. माळव्याची अफू संस्थानी प्रदेशात पिकत असल्याने कंपनी सरकारची तिच्यावर बंगालप्रमाणे मक्तेदारी नव्हती. १८३० च्या सुमारास सरकारने मुंबईमार्गे जाणाऱ्या अफूवर पेटीमागे १७५ रुपयांचा परवाना कर बसवला. व्यापाऱ्यांपुढे दुसरी वाट होती : राजपुतान्यातून सिंधमध्ये कराची, आणि तेथून पोर्तुगीजांचे दमण. माल त्या वाटेने वळू लागला, तेव्हा १८३५ मध्ये सरकारला कर १२५ रुपयांवर आणावा लागला. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकला आणि ती वाट बंद झाली. लगेच कर २०० रुपये झाला. १८४५ मध्ये ३००, १८४७ मध्ये ४००. बारा वर्षांत तिपटीहून अधिक! अफू तीच होती आणि तिच्या व्यसनात सापडलेला चिनी माणूसही तोच होता. बदलला तो फक्त पर्याय. पर्याय असेतो मुंबईच्या परवान्याची मागणी लवचिक होती; पर्याय संपताच ती अलवचिक झाली. कराचे ओझे नेहमी त्याच्यावर सरकते, ज्याला दुसरी वाट नसते. ही गोष्ट सूत्र पाठ करून कळत नाही. माळव्याच्या वाटा नकाशावर बोटाने दाखवल्या की ती सहज कळते.

एक भेद आणखी राहतो. कामठा मर्यादेत वाकवला तर परत येतो. ती मर्यादा ओलांडली तर कायमचा वाकतो. मार्शलच्या व्याख्येत परत येण्याची अट मुळीच नाही. १९१३ मध्ये चीनची बाजारपेठ बंद झाली, तेव्हा माळव्यातील पुष्कळ शेते दुसऱ्या पिकांकडे वळली. ती पूर्वीच्या प्रमाणात अफूकडे परतली नाहीत. आज मंदसौर, नीमच आणि रतलामकडे सरकारी परवान्यानेच ती पिकवली जाते. या घटनेला लवचिक प्रतिसाद म्हणता येईल. तिला स्थितिस्थापक म्हणता येणार नाही. शब्द दोन असल्यामुळेच हे वाक्य मराठीत निःसंदिग्धपणे लिहिता येते.

आता प्रश्न ग्रंथालयाचा. १८५५ मध्ये कृष्णशास्त्री चिपळूणकरांचे ‘अर्थशास्त्रपरिभाषा’ प्रसिद्ध झाले, तेव्हा मार्शलचा ग्रंथ निघायला पस्तीस वर्षे होती. म्हणजे नवे शास्त्र मराठीत आणण्याचा उद्योग आपल्याकडे जुना आहे. परंतु धार, देवास, इंदूर येथील मराठी घरांतील मुले शाळेत हिंदी किंवा इंग्रजी माध्यमातून शिकतात. हिंदी पुस्तकात त्यांना ‘प्रत्यास्थता’ आणि ‘लोच’ हे शब्द भेटतात. तेथेही शब्द दोन आहेत, ही समाधानाची गोष्ट. मराठी शब्द मात्र त्यांच्या कानांवरही पडत नाहीत. मराठी त्यांच्यापुरती सणावारांची आणि आजीशी बोलण्याची भाषा उरली, तर तो दोष मुलांचा नव्हे. ज्या भाषेत विचार करावा लागत नाही, ती भाषा कोणीही हळूहळू बाजूला ठेवतो.

ग्रंथालय शाळा होऊ शकत नाही, पण तीन साध्या गोष्टी करू शकते. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोशाचे खंड कुलूपबंद कपाटातून काढून, हिंदी व इंग्रजी पाठ्यपुस्तकांच्या शेजारी एकाच फळीवर मांडावेत. महिन्यातून एका संध्याकाळी सेवानिवृत्त शिक्षकांनी एकच संकल्पना तीन भाषांतून समजावून द्यावी. आणि वर्षातून एकदा मुलांना मांडूला न्यावे. एका कामठ्यासह, एका नकाशासह.

वैशेषिकांनी स्थितिस्थापकाच्या शेजारीच ‘भावना’ ठेवली आहे. भावना म्हणजे अनुभवाचा मनावर उरलेला संस्कार, ज्यातून स्मरण होते. शंभर वर्षे या ग्रंथालयाने तो संस्कार जपला. पुढच्या पिढीने तो केवळ आठवणीसाठी न ठेवता विचार करण्यासाठी वापरावा, एवढीच या प्रसंगी अपेक्षा.