मातृभूमी, पितृभूमी आणि एक चित्रकर्ती

महाराष्ट्रात माणसाचे आडनाव पुष्कळदा त्याच्या गावाचे बोट धरून चालत असते. पैनगंगेच्या खोऱ्यातील उमरखेड सोडून एखाद्याने नागपुरास किंवा पुण्यास बिऱ्हाड केले, तरी तीन पिढ्यांनंतरही त्याच्या दारावरील पाटीवर 'उमरखेडकर' हीच अक्षरे राहतात. गाव सुटते, शेत विकले जाते, वाडा पडतो. परंतु गावाला द्यावयाचा हा 'कर' मात्र पिढ्यान्‌पिढ्या चुकत नाही.

हाच 'कर' नावापुढे वागविणारी काही कुटुंबे आज अरबी समुद्रापलीकडे, इस्राएल देशात राहत आहेत. किहीमकर, पेणकर, दिवेकर, झिराडकर, अष्टमकर ही त्यांची आडनावे. गावे कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडातील. माणसे बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद अशा नगरांतील. शनिवारी त्यांची प्रार्थना हिब्रू भाषेत होते, आणि घरातील वृद्धांचे दुखणेखुपणे मराठीत चालते. या माणसांना भेटावयास, त्यांच्या मुखातून त्यांची कथा ऐकावयास आणि त्यांची चित्रे रंगवावयास त्यांच्याच रक्ताची एक चित्रकर्ती इस्राएलात हिंडली. सियोना बेंजामिन हे तिचे नाव.

चित्रकर्तीचा प्रवास समजून घ्यावयाचा, तर प्रथम या समाजाचा प्रवास समजून घ्यावयास हवा. बेने इस्राएल म्हणजे इस्राएलची लेकरे. त्यांची परंपरा अशी सांगते की, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया एवढीच माणसे वाचली. ग्रंथ बुडाले, भाषा बुडाली. राहिली ती 'शेमा' ही एक प्रार्थना, मुलांची सुंता, खाण्यापिण्याचे काही विधिनिषेध आणि शनिवारचा विसावा. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालविले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना नाव दिले 'शनवार तेली'. पुढे डेव्हिड राहबी नावाच्या ज्यू पाहुण्याने त्यांना ओळखले, तेही एका स्वयंपाकघरात, असे आख्यायिका सांगते. त्याने बायकांपुढे मिश्र मासळी ठेवली; त्यांनी खवले व पर असलेले मासे तेवढे निवडून घेतले आणि बाकीचे बाजूस सारले. मोशेच्या धर्मशास्त्राचा नियम ग्रंथ हरवला असताही हातांनी जपून ठेवला होता!

पुढे हा समाज मुंबईस आला. सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली मशीद बंदरानजीक शहरातील पहिले प्रार्थनामंदिर उभारले. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी मुलांसाठी शाळा काढण्यात पुढाकार घेतला आणि समाजाचा विस्तृत इतिहास १८९७ च्या सुमारास लिहून पूर्ण केला. तो ग्रंथरूपाने निघाला मात्र १९३७ साली, आणि तोही तेल अवीव येथे. ज्या भूमीकडे समाज पुढे जावयाचा होता, तेथे त्याचा इतिहास अकरा वर्षे आधी जाऊन पोचला होता.

सियोना बेंजामिन यांचा जन्म याच समाजातील एका घरी १९६० साली मुंबईस झाला. शिक्षण ख्रिस्ती व पारशी शाळांत, शेजार हिंदू व मुसलमान, आणि घरी शुक्रवारी सायंकाळी शब्बाथची वात. सर जे. जे. कलाशाळेत त्यांनी चित्रकलेचे धडे घेतले, पुढे त्या अमेरिकेस गेल्या आणि तेथेच स्थायिक झाल्या. तेथे त्यांना पुन्हा पुन्हा पुसण्यात येई की, भारतीय असून ज्यू कशा, आणि ज्यू असून सावळ्या कशा? या प्रश्नाला त्यांनी रंगाने उत्तर दिले. त्यांच्या चित्रांतील स्त्रिया निळ्या झाल्या. आपल्याकडे निळा वर्ण म्हटला की घननीळ कृष्ण डोळ्यांपुढे उभा राहतो. सियोना यांच्या निळाईत तो आहेच. परंतु आकाश आणि समुद्र यांचाही तो रंग आहे, म्हणजे कोणत्याही एका देशाच्या मालकीचा नसलेला रंग. मोगल व राजपूत लघुचित्रांची नाजूक रेषा, सचित्र पौराणिक कथापुस्तकांचा ठसठशीतपणा, बायबलातील सारा, हागार, एस्तेर या स्त्रिया आणि नेसूस साडी, असा तो मेळ आहे. ज्याला घर कोठे हे सांगता येत नाही, त्याने चित्रातच घर बांधावे, तसा हा प्रकार होय. त्यांच्या एका दीर्घ चित्रमालिकेचे नावच 'घराचा शोध' या अर्थाचे आहे.

परंतु कल्पनेतील निळ्या नायिका रंगविणे वेगळे आणि जित्याजागत्या माणसापुढे बसणे वेगळे. फुलब्राइट शिष्यवृत्ती मिळवून २०१०-११ च्या सुमारास सियोना भारतात परतल्या आणि येथे उरलेल्या ज्यू कुटुंबांच्या भेटी घेऊ लागल्या. त्यांची रीत साधी होती. प्रथम माणसाशी बोलावयाचे व त्याची हकीकत ऐकावयाची. मग त्याचे छायाचित्र घ्यावयाचे. आणि अखेर त्या छायाचित्राभोवती व त्यावर अपारदर्शक जलरंग आणि सोनेरी वर्ख यांनी त्याच्या हकीकतीतील वस्तू, वेलबुट्टी व प्रतीके रंगवावयाची. 'चेहरे' या नावाने निघालेली ही मालिका २०१३ साली मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मांडली गेली. चेहरा छायाचित्राचा, म्हणजे जसा आहे तसा. भोवतालचे जग मात्र त्या माणसाच्या स्मृतीतून उतरलेले. चित्राचा अर्धा भाग जणू समोर बसणाऱ्यानेच सांगून काढविला.

या रीतीचे मोल कळावयास दीडशे वर्षे मागे जावे लागते. विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईतील जातीजमातींची छायाचित्रे घेतली. त्यांत बेने इस्राएल समाजाची माणसेही बसविलेली आहेत. त्या काळी अशा चित्रांखाली माणसाचे नाव नसे, जमातीचे असे. पाहणाराने त्याकडे नमुना म्हणून पाहावयाचे. बाई कोण, तिची मुले किती, ती काय आठवून मान वळविते आहे, हा प्रश्नच उद्भवत नसे. सियोना यांनीही छायाचित्रच वापरले, पण त्याचा उलट उपयोग केला. जेथे नमुना होता तेथे त्यांनी नाव ठेवले, आणि जेथे रिकामा पडदा होता तेथे त्या माणसाचे आयुष्य भरले.

इस्राएलात तर चेहऱ्याचा प्रश्न याहून कठीण झाला होता. १९४८ साली ते राष्ट्र स्थापन झाल्यावर बेने इस्राएल कुटुंबे तिकडे जाऊ लागली. येथे त्यांना कोणी हाकलले नव्हते. भारतात ज्यूंचा छळ कधी झाला नाही, हे ती कुटुंबे आजही अभिमानाने सांगतात. शतकानुशतके प्रार्थनेत उच्चारलेल्या भूमीच्या ओढीने ती गेली. तेथे गेल्यावर मात्र काहींना सावळ्या वर्णामुळे अपमान सोसावा लागला. १९५१ मध्ये काही कुटुंबांनी तेल अवीव येथे धरणे धरले आणि परत पाठविण्याची मागणी केली. त्यांतील काही खरोखरच भारतात परतली, आणि पुढे त्यांतीलच पुष्कळ पुन्हा तिकडे गेली. दोन्ही तीरांवर पाय ठेवू पाहणाऱ्याची ही ओढाताण कोणाही सासुरवाशिणीस समजेल.

त्याहून खोल घाव पुढे बसला. १९६२ साली तेथील प्रधान धर्मपीठाने असा निर्देश काढला की, बेने इस्राएल व्यक्तीचा विवाह अन्य ज्यूंशी व्हावयाचा असल्यास तिच्या मातृकुलाची चौकशी शक्य तितक्या मागील पिढ्यांपर्यंत करावी. ज्या समाजाने ग्रंथावाचून, गुरूवाचून शनिवार पाळला, त्याला आता तू ज्यू आहेस याचे प्रमाण दे, असे सांगण्यात आले. लग्नाच्या मांडवाशीच हा प्रश्न येऊन उभा राहिला. वर्षानुवर्षे वाद चालला. १९६४ च्या उन्हाळ्यात समाजाने जेरुसलेम येथे उघड सत्याग्रही धरणे धरले, आणि १७ ऑगस्ट १९६४ रोजी इस्राएलच्या संसदेने ठराव करून बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू असून त्यांचे हक्क इतरांसारखेच आहेत असे जाहीर केले. त्यानंतर धर्मपीठाने त्या निर्देशातून समाजाचे नाव काढून टाकले. निःशस्त्र प्रतिकाराचे हे शस्त्र त्यांनी कोणत्या देशातून बरोबर नेले होते, हे मराठी श्रोत्यांस सांगावयास नको.

या पार्श्वभूमीवर २०१६-१७ मध्ये सियोना बेंजामिन दुसऱ्या फुलब्राइट शिष्यवृत्तीवर इस्राएलात गेल्या. भारत ही आमची मातृभूमी आणि इस्राएल ही पितृभूमी, असे तेथील भारतीय ज्यू नेहमी म्हणतात. त्याच उद्गाराचा धागा धरून त्यांनी या कार्याचे नाव ठेवले, 'मातृभूमीकडून पितृभूमीकडे'. रीत मुख्यतः तीच: भेट, संभाषण, छायाचित्र आणि मग रंग. तथापि येथे एक मोठा फरक होता. भारतात त्या भेटल्या त्या मागे राहिलेल्यांना; येथे भेटावयाचे होते निघून आलेल्यांना. १९५१ च्या शिरगणतीत भारतात सुमारे सव्वीस हजार ज्यू होते. २०११ मध्ये ते साडेचार हजारांच्या आसपास उरले. उलट इस्राएलात भारतीय वंशाचे ज्यू आज ऐंशी हजारांच्या घरात आहेत, आणि त्यांत बेने इस्राएल सर्वांत अधिक. खुद्द सियोना यांचे पुष्कळ आप्तही कोणी इस्राएलात, कोणी अमेरिकेत पांगलेले. म्हणजे ही परक्या देशाची सफर नव्हती. ती एक लांबलेली नातलगांची भेट होती.

या माणसांनी तिकडे काय नेले? शुभकार्यात एलियाहू पैगंबराच्या नावाने 'मलिदा' करावयाचा: भिजविलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलदोडे आणि फळे. अलिबागजवळ खंडाळ्याच्या परिसरातील खडकावर एलियाहूच्या रथाची खूण उमटली आहे, अशी त्यांची श्रद्धा. आता ते कार्मेल पर्वतावरील एलियाहूच्या गुहेशी जातात, आणि मलिदा तोच असतो. लग्नाआधी मेंदी तीच. 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही त्यांनी तेथे अनेक वर्षे चालविले. परंतु नातवंडे हिब्रूत वाढली. पुष्कळांनी आडनावेही पालटली आणि गावाचा तो 'कर' गळून पडला. प्रमाण मागणाऱ्या धर्मपीठापुढे समाज जिंकला. काळापुढे जिंकणे अधिक अवघड आहे. म्हणूनच ही चित्रे वेळेवर निघाली, असे म्हणावयाचे.

लोकांबरोबर चित्र काढण्याच्या दोन रीती महाराष्ट्राने पाहिल्या आहेत. भास्कर कुलकर्णी हे चित्रकार बिहारमधील १९६६-६७ च्या दुष्काळात मिथिलेच्या खेड्यांत गेले व भिंती रंगविणाऱ्या स्त्रियांच्या हाती त्यांनी कागद दिला. पुढे डहाणूकडील वारली पाड्यांतही त्यांनी तेच केले, आणि गंजाडचे जिव्या सोमा मशे जगाला माहीत झाले. त्यांनी कुंचला दुसऱ्याच्या हाती ठेवला. सियोना यांनी कुंचला आपल्या हाती ठेवला आणि कथा दुसऱ्याच्या हाती दिली. दुसऱ्या रीतीत एक धोका खचित आहे: शेवटचा रंग चित्रकर्तीचा, म्हणून शेवटचा शब्दही तिचाच होऊ शकतो. वर्ख फार चढला तर सुरकुती झाकली जाते. सियोना यांनी त्या धोक्यावर घातलेला बंध म्हणजे चेहरा. भोवती काहीही फुलवावे, परंतु मुख छायाचित्राचेच राहते. आणि ते मुख रंगापेक्षा बलवत्तर ठरते.

धर्मपीठाने माणसाला विचारले, तुझी आजी कोण होती ते सिद्ध कर. चित्रकर्तीनेही आजीविषयीच विचारले. पण ती म्हणाली, तुझी आजी कशी होती ते सांग. दोन्ही प्रश्नांचा विषय एकच. एकाने माणूस आरोपी होतो, दुसऱ्याने तो कथेकरी होतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दफ्तरात जाते आणि तेथेच पिवळे पडते. दुसऱ्याचे उत्तर मिळाले, म्हणजे दिमोनातल्या एखाद्या घरी, खिडकीबाहेर वाळवंट पसरलेले असताना, किहीमच्या नारळीच्या झावळ्यांचा आवाज ऐकू येऊ लागतो. त्या आवाजाला रंग देणे, एवढेच या प्रवासाचे साध्य होते. आणि दोन देशांत घर असूनही जे कोठेच पुरते घरचे मानले गेले नाहीत, अशा माणसांना तेवढेही थोडे नव्हे.