जमिनीखालचा आकडा
(गावबैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकर्ते म्हणाले, तुमची उमर तेलाच्या कामात गेली, ते मोजमाप कसं होतं तेवढं आमच्या लोकांना सांगा. म्हणून आलो. आम्ही खनिज तेलाच्या कामातले निवृत्त इंजिनिअर. विहीर पाडणारे वेगळे. जमिनीखाली तेल नि गॅस किती, त्यातला वर किती येईल, हे कागदावर मांडणं आमचं काम. तुम्ही दिव्यात जे रॉकेल घालता ते याच तेलातून निघतं.

आधी एक गैरसमज काढतो. खाली तेलाचं तळं नसतं. तेल दगडात मुरलेलं असतं, मडक्याच्या खापरात पाणी मुरतं तसं. मग हिशेब असा करायचा: तो थर किती दूर पसरलाय, किती जाड आहे, दगडात शंभराला किती भाग पोकळी आहे, त्या पोकळीत पाणी किती नि तेल किती, आणि शेवटी त्यातलं वर किती येईल. तिसरा हिस्सा आला तरी बरं म्हणायचं, बाकी दगडातच राहतं. हे सगळे आकडे एकमेकांनी गुणायचे. आणि विहिरी असतात मोजून चार-पाच. मधल्या कोसांमध्ये काय आहे ते अंदाजानंच भरायचं.

आता यातले चारच आकडे शंभराला वीसने वाढवून धरा. 100 चे 120, 120 चे 144, मग 173, मग 207. कुणी मोठं खोटं बोललं नाही, प्रत्येकानं थोडं थोडं बरं धरलं, आणि तेल दुप्पट झालं! आमच्यातल्या एकाच्या अहवालावर वरच्या साहेबानं शेरा मारला होता, 'थर जाड धरावा.' दगड होता तसाच राहिला, कागदावरचा थर जाड झाला. खाली सही मात्र आमची. ही गोष्ट आम्ही बरीच वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

देशांचे आकडेही असेच. 1980 नंतरच्या दहा वर्षांत ओपेक या तेलवाल्या देशांच्या संघटनेत कुणी किती तेल काढायचं याची वाटणी चालली होती. ज्याच्याकडे साठा जास्त त्याला वाटा जास्त, असं बोलणं होतं. तेव्हा कुवेत, अबुधाबी, इराण, इराक यांनी आपापले साठे एकदम वाढवून जाहीर केले. इराकचा आकडा तर बरोबर 100 अब्ज पिंपं! तेवढे नवे शोध लागलेच नव्हते.

पण आकडा नेहमी फुगलेलाच असतो असंही नाही, ते सांगितलं नाही तर आम्ही लबाड ठरू. 1950 नंतर परदेशी कंपनीनं बंगालात विहिरी पाडल्या, हाती काही लागलं नाही. या देशात फारसं तेल नाही, असं बोललं जायचं. 1956 साली सरकारनं तेल आयोग काढला, रशियाचे तज्ज्ञ आले. 1958 ला खंभातकडे आणि 1960 ला अंकलेश्वरला तेल लागलं. तुम्ही ऊसतोडीला गुजरातेत जाता त्याच बाजूला. नेहरूंनी तिथल्या विहिरीला 'वसुधारा' नाव दिलं. फेब्रुवारी 1974 मध्ये मुंबईच्या समुद्रात 'सागर सम्राट' जहाजावरून मुंबई हाय सापडलं. तेव्हा आम्हालाही अभिमान वाटला, आजही वाटतो.

समुद्रात कुणाचं शेत नव्हतं, जमिनीवर असतं. आमच्या गुणाकारात दगड होता, पाणी होतं, पिंपाचा भाव होता. वरती कोण राहतं याला रकाना नव्हता. नकाशात सातबाराचे गट दिसायचे. ज्यांची कसवणूक वनजमिनीवर, त्यांच्या जागी नुसतं 'जंगल' लिहिलेलं असायचं. आम्ही त्यावरूनच रेघ ओढायचो.

आकडा मोठा निघाला की मागून पाइपलाइन येते. त्यासाठी 1962 चा केंद्राचा कायदा आहे. यात जमीन तुमच्या नावावरच राहते, फक्त वापराचा हक्क घेतात. ऐकायला बरं वाटतं. पण त्या पट्ट्यात घर बांधता येत नाही, विहीर खणता येत नाही, झाड लावता येत नाही. वापराच्या हक्काची भरपाई जमिनीच्या बाजारभावाच्या शंभराला दहा. पिकाचं, झाडाचं नुकसान वेगळं मागायचं. सूचना राजपत्रात छापतात, आणि तिथून 21 दिवसांत लेखी हरकत द्यावी लागते. राजपत्र पाड्यात कोण वाचतं? म्हणून तालुक्याला जाणाऱ्या कुणीतरी दर पंधरवड्याला चौकशी करायची, असं आजच ठरवा.

मघाशी मागं बसलेल्या बायांनी विचारलं, सर्वेवाले सुरुंग लावतात त्यानं विहिरीचं पाणी जातं का. सुरुंग लहान असतो. जमीन हादरवायची आणि खालून येणारा आवाज यंत्रानं टिपायचा, एवढंच त्याचं काम. पण विहिरीच्या फार जवळ लावला तर बांधकामाला तडा जाऊ शकतो, झरा हलू शकतो. मग ते म्हणतील, पाणी आधीच कमी होतं. तेव्हा ते यायच्या आधी प्रत्येक विहिरीत दगड बांधलेली दोरी सोडा, किती हात पाणी आहे ते तारखेसह वहीत लिहा, आणि शाळामास्तर, पोलीसपाटील यांच्या सह्या घ्या. वही एकाच घरात ठेवू नका, दोन करा.