किल्ली कोणाच्या कनवटीला?



ह्या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा बोनस, किमान वेतन किंवा कंत्राटी कामगार ह्यांपैकी काहीतरी मी सांगेन अशी त्यांची समजूत असावी. मी 'देशाच्या इंटरनेटवरील नावाचा ताबा' असा विषय सांगितला, तेव्हा चिटणीस माझ्याकडे बघतच राहिले. ह्या माणसाचा आणि त्या यंत्राचा संबंध काय, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर होता. तुमच्याही मनात तो असेल. म्हणून प्रथम संबंध सांगतो.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आमच्या एका युनियनमध्ये फूट पडली. मतभेद होते, भांडणे होती. ती कोणत्या संघटनेत नसतात? पण एका सकाळी कचेरीवर गेलो तर दाराला नवे कुलूप. शिक्का, पावतीपुस्तके, सभासदांची वही आणि छापील लेटरहेड, सगळे आत. किल्ली एका जुन्या सहकाऱ्याच्या खिशात. तो माणूस चोर नव्हता. युनियन निघाली तेव्हा कचेरी सांभाळायला कोणी तयार नव्हते, ते काम त्याने वर्षानुवर्षे फुकट केले होते. त्याचे म्हणणे एवढेच की, "हे मी उभे केले, तुमच्या हाती देऊन मोडू देणार नाही." व्यवस्थापनाला आयती संधी मिळाली. ज्याच्याकडे शिक्का त्याच्याशीच बोलू, असे त्यांनी सांगितले आणि प्रत्यक्षात कोणाशीच बोलले नाहीत. चार महिने करार लांबला. नुकसान माझे झाले नाही, किल्लीवाल्याचेही झाले नाही. ते झाले पाळीवर उभ्या असलेल्या माणसाचे.

पुढे इंटरनेटवरील देशांच्या नावांचे तंटे मी वाचू लागलो तेव्हा मला वाटले, अरे, ही तर आपलीच कचेरी! फक्त कुलूप सातासमुद्रापार आहे.

आता ही व्यवस्था चालते कशी ते थोडक्यात पाहू. इंटरनेटवरील यंत्रे एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून नावे आली. अमुक नाव म्हणजे अमुक आकडा, ह्याची कोठेतरी नोंदवही ठेवावी लागते. नावाच्या शेवटी दोन अक्षरे असली तर ती देशाची खूण. आपले 'डॉट इन', दक्षिण आफ्रिकेचे 'डॉट झेडए'. प्रत्येक देशाची एक नोंदवही, आणि ह्या सर्व नोंदवह्या कोणाकडे आहेत हे सांगणारी एक मूळ वही. देशाच्या नोंदवहीत काना-मात्रा चुकली किंवा ती ठेवणारे यंत्र बंद पडले, तर त्या देशाच्या अक्षरांखालची सरकारी कचेरी, बँक, वर्तमानपत्र, सगळ्यांची दारे जागच्या जागी असूनही कोणाला सापडत नाहीत.

ही मूळ वही सुरुवातीला अमेरिकेत जॉन पोस्टेल नावाचे एक संशोधक जवळजवळ एकहाती सांभाळत. ज्या देशातला जो कोणी जाणता आणि तयार असेल, बहुधा एखाद्या विद्यापीठातला माणूस, त्याच्या स्वाधीन ते त्या देशाची अक्षरे करीत. कोणता भूभाग देश आणि कोणता नाही ह्या वादात त्यांना पडायचे नव्हते. आंतरराष्ट्रीय मानकांच्या यादीत जी दोन अक्षरे असतील ती त्यांनी प्रमाण मानली. मार्च 1994 च्या एका टिपणात त्यांनी नियम लिहून ठेवला. त्याचा मथितार्थ असा की, येथे मालकीची आणि हक्काची भाषा गैरलागू आहे. हा विश्वस्ताचा कारभार आहे आणि त्यात फक्त जबाबदारी व सेवा आहे.

किती सुंदर तत्त्व! पण आपल्यापैकी ज्यांची थोडीफार जमीन असेल त्यांना विचारा. सातबाऱ्याचा उतारा ही मुळात महसुलाची नोंद, मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे, हे कायदा सांगतो. तरी वहीवर ज्याचे नाव चढले त्याला काढता काढता तीन पिढ्या कोर्टात जातात. येथेही तेच झाले. ज्याचे नाव विश्वस्त म्हणून लागले तो वहिवाटदार झाला, आणि वहिवाटदार पुढे मालकासारखा बोलू लागला.

इराकचे उदाहरण घ्या. 'डॉट आयक्यू' ही त्या देशाची अक्षरे 1997 मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात व्यवसाय करणाऱ्या मंडळींच्या नावे लागली. डिसेंबर 2002 मध्ये त्या मंडळींना तेथील सरकारने दुसऱ्याच आरोपांखाली अटक केली. तीन महिन्यांनी इराकवर युद्ध कोसळले. बगदादमध्ये नवे सरकार उभे राहू लागले, पण त्याला स्वतःच्या देशाच्या नावाने इंटरनेटवर पाटी लावण्याची सोय नव्हती. ती अक्षरे इराकच्या दूरसंचार आयोगाकडे आली ती 2005 च्या जुलैमध्ये. लिबियात एप्रिल 2004 मध्ये 'डॉट एलवाय' ह्या अक्षरांवर दोन दावेदारांचा तंटा झाला आणि त्या अक्षरांखालची नावे काही दिवस इंटरनेटवरून नाहीशीच झाली. त्याच वर्षी ती अक्षरे तेथील टपाल व दूरसंचार कंपनीकडे गेली. भांडण दोघांचे, अंधार सर्वांना. आमच्या कचेरीच्या कुलपापेक्षा ह्यात निराळे काय आहे?

ह्याहून बोलका दाखला न्युए ह्या बेटाचा आहे. दक्षिण पॅसिफिक महासागरात न्यूझीलंडच्या ईशान्येस हे बेट आहे. 1974 पासून त्याचा कारभार त्याचे लोक स्वतः पाहतात. वस्ती दोन हजारांच्या आत, म्हणजे आपल्याकडचे एक मध्यम गाव. त्याची अक्षरे 'एनयू'. योगायोग असा की स्वीडिश भाषेत 'नू' ह्या शब्दाचा अर्थ 'आता'. डॅनिश आणि डच भाषांतही तोच. त्यामुळे तिकडील व्यापाऱ्यांना हे नाव फार आवडले. 1997 मध्ये ही अक्षरे अमेरिकेतील एका गृहस्थाने स्थापन केलेल्या संस्थेकडे गेली होती. नावे विकली जाऊ लागली. बेटाच्या सरकारने 2000 साली कायदा करून सांगितले की, ही अक्षरे आमची राष्ट्रीय संपत्ती आहे. पण वही होती दुसरीकडे. त्या संस्थेचे म्हणणे, आम्ही बेटावर इंटरनेट आणले, 2003 मध्ये लोकांना बिनतारी सेवा फुकट दिली. ते खोटे नाही. पण मी युनियनचा माणूस आहे. कँटीनमध्ये चहा फुकट दिला म्हणून पगाराचा हिशेब मागू नये, हे मला पटत नाही. 2013 मध्ये ह्या अक्षरांचा कारभार स्वीडनमधील इंटरनेट प्रतिष्ठानाकडे गेला. शेवटी 2018 मध्ये न्युएला स्टॉकहोमच्या न्यायालयाची पायरी चढावी लागली. आपल्याच नावाचा हिशेब मागायला अर्धी पृथ्वी ओलांडावी लागली!

त्याच महासागरातल्या तुवालूची गोष्ट ह्याच्या शेजारी ठेवून पाहा. वस्ती दहा-अकरा हजार. त्याची अक्षरे 'टीव्ही', म्हणजे जगाला हवीहवीशी. तेथील सरकारने स्वतः करार केला. बारा वर्षांत पाच कोटी डॉलर, असा त्याचा बोभाटा झाला. त्या पैशाच्या आधाराने सप्टेंबर 2000 मध्ये तुवालू संयुक्त राष्ट्रसंघाचा सभासद झाला. करार चांगला की वाईट ह्यावर वाद घालता येईल, पण तो कोणी केला ह्यावर वाद नाही. आज समुद्र वाढतो आहे आणि ती जमीन पाण्याखाली जाईल अशी भीती आहे. जमीन गेली तरी आपले राष्ट्र इंटरनेटवर जपून ठेवू, असे त्या सरकारने 2022 मध्ये जगाला सांगितले. अशा लोकांना नाव म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही.

एवढे ऐकून तुम्ही म्हणाल, मग सरळ आहे. वही सरकारच्या हाती द्या आणि मोकळे व्हा. मित्रहो, इतके सरळ नाही. दक्षिण आफ्रिकेत 'डॉट झेडए'ची वही माईक लॉरी नावाचे गृहस्थ सांभाळत. ऱ्होड्स विद्यापीठात असताना हे काम त्यांच्याकडे आले आणि देशात वर्णद्वेषाची राजवट जाऊन लोकशाही आली त्या काळातही ते चालू राहिले. 2002 मध्ये सरकारने कायदा आणला की, ह्या अक्षरांचा कारभार नव्या प्राधिकरणाकडे जाईल. सरकार म्हणाले, ही राष्ट्राची ठेव आहे, एका माणसाच्या हाती कशी ठेवावी? लॉरींना वाटले, हे सरकारी अतिक्रमण आहे, आणि घाईत कोणी वही ओढून घेतली तर सगळी व्यवस्थाच कोसळेल. त्यांनी मूळ वही गुपचूप देशाबाहेरच्या यंत्रावर नेऊन ठेवली. पुढे वाटाघाटी झाल्या आणि ती कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेकडे गेली.

ह्यात खलनायक कोण? मी पुष्कळ विचार केला. लॉरींच्या जागी मला आमचा तो किल्लीवाला सहकारी दिसतो. त्याची भीती खरी होती. पण ज्या कारभाराची किल्ली एकाच्या कनवटीला असते, तो कारभार त्या माणसाच्या भलेपणावर उभा असतो. आणि भलेपणाला मुदत असते. माणूस म्हातारा होतो, रागावतो, मरतो. उलट मंत्र्याच्या हाती किल्ली दिली, तर मंत्र्यालाही राग येतोच. त्याच्या विरोधकाची पाटी रात्रीतून उतरली तर दाद कोणाकडे मागायची?

मूळ वहीची तीच कथा. 1998 पासून ती आयकॅन ह्या अमेरिकेतील संस्थेच्या व्यवस्थेखाली आली; अमेरिकन सरकारचा तिच्यावरचा करार संपला 2016 च्या ऑक्टोबरमध्ये. 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, तेव्हा युक्रेनच्या सरकारने रशियाची अक्षरे काढून घ्या अशी मागणी केली. आयकॅनने ती नाकारली. युक्रेनचे दुःख मला कळते. तरीही नकार योग्य होता असे मला वाटते. आज शत्रूची पाटी उतरवणारा हात उद्या कोणाच्या पाटीवर पडेल ते सांगता येत नाही.

आता घरी येऊ. आपल्या 'डॉट इन'ची वही पूर्वी मुंबईत जुहू येथे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात सांभाळली जाई. 2005 पासून ती निक्सी ह्या संस्थेकडे आहे. 2014 मध्ये देवनागरीत 'डॉट भारत' आले, म्हणजे मराठीतही नाव घेता येते. सरकारी कचेऱ्यांसाठी 'गव्ह डॉट इन' राखून ठेवले आहे. ते ज्याला त्याला मिळत नाही, आणि ह्यातच त्याची किंमत आहे. आमच्या ओळखीच्या एका बांधकाम मजूर बाईंनी नोंदणीसाठी सरकारी दिसणाऱ्या एका संकेतस्थळावर पैसे भरले. चित्र सरकारी, रंग सरकारी, शेवटची अक्षरे मात्र निराळी. दोन दिवसांची मजुरी गेली. नावाचा पहारेकरी कोण, हा प्रश्न बड्या लोकांचा नाही तो असा. भविष्यनिर्वाह निधी, रेशन, पेन्शन, सगळ्यांचे दार आज त्या अक्षरांच्या आड आहे.

म्हणून माझे सांगणे तीन कलमांत आहे. पहिले, देशाचे नाव ही ठेव आहे, मालमत्ता नव्हे. ती सांभाळणाऱ्याने दरवर्षी हिशेब जाहीर मांडावा. दुसरे, किल्ली एकट्याच्या हाती नसावी, ना संस्थापकाच्या ना मंत्र्याच्या. त्या नावाखाली राहणाऱ्यांचा प्रतिनिधी तेथे हवा, आणि पाटी उतरवायची तर लेखी कारण व दाद मागण्याची सोय हवी. तिसरे, किल्ली कधी आणि कोणाला सोपवायची हे गोडीगुलाबीचे दिवस असतानाच लिहून ठेवावे. भांडण लागल्यावर घटना लिहायला बसणाऱ्यांची गत काय होते, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आमच्या युनियनने पुढे एक ठराव केला. कचेरीच्या कुलपाला दोन किल्ल्या, दोन वेगळ्या माणसांकडे, आणि दर सर्वसाधारण सभेत दोन्ही टेबलावर ठेवायच्या. सभासद त्या उचलतील आणि पुन्हा कोणाला द्यायच्या ते ठरवतील. तेव्हा काही जण हसले होते. आजही दरवर्षी त्या किल्ल्या टेबलावर येतात.