कागदावरचे लग्न
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संतवाङ्मय आणि नाट्यसंगीत यांवरील व्याख्यानांनंतर आम्ही एका बेल्जियन चित्रपटावर बोलावयास उभे राहावे, हे आपल्यापैकी कित्येकांस आडवाटेचे वाटेल. परंतु विषय वाटतो तितका परका नाही. घर सोडून दूरच्या गावी बिऱ्हाड मांडणे म्हणजे काय, हे या सभागृहात कोणास सांगावयास नको. फरक एवढाच की, आपण परप्रांतात आलो ते संविधानाच्या 19व्या अनुच्छेदाने दिलेल्या हक्काने आलो. बदलीचा हुकूम हाती पडला, ट्रंका बांधल्या आणि निघालो. येथे राहता यावे म्हणून कोणाशी लग्न लावण्याची पाळी आपल्यापैकी कोणावर आली नाही. ज्या स्त्रीवर ती पाळी आली, तिची कथा आज सांगावयाची आहे.

चित्रपटाचे नाव ‘ल सिलांस द लोर्ना’, म्हणजे ‘लोर्नाचे मौन’. तो 2008 साली प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षी कान महोत्सवात त्याला उत्कृष्ट पटकथेचे पारितोषिक मिळाले. दिग्दर्शक जाँ-पिएर आणि ल्यूक दार्देन हे सख्खे भाऊ. बेल्जियममधील लिएज शहराच्या परिसरात कोळशाच्या आणि पोलादाच्या जिवावर वाढलेल्या व पुढे ते उद्योग बसल्यावर ओस पडलेल्या कामगार वस्त्या त्यांनी जवळून पाहिल्या. आरंभी त्यांनी कामगारांच्या जीवनावर माहितीपट काढले, नंतर ते कथापटांकडे वळले. कान येथील सर्वोच्च मान, सुवर्ण पाम, त्यांना 1999 आणि 2005 असा दोनदा लाभला. त्यांच्या चित्रपटांत भपकेबाज दृश्ये नसतात आणि पार्श्वसंगीत जवळजवळ नसतेच. कॅमेरा माणसाच्या पाठोपाठ चालतो आणि त्याचे हात काय करीत आहेत ते पाहतो.

या चित्रपटाचे बीज एका खऱ्या हकिगतीत आहे. रस्त्यावरच्या व्यसनी तरुणांत काम करणाऱ्या एका स्त्रीने ती दार्देन बंधूंना सांगितली होती. तिच्या व्यसनी भावाला एका टोळीने पैसे देऊ करून एका अल्बेनियन स्त्रीशी विवाह करावयास सांगितले होते. बहिणीने वेळीच सावध केल्यामुळे तो वाचला. चित्रपटातील तरुणाला अशी बहीण नाही.

लोर्ना ही अल्बेनियाची तरुणी. तिच्या देशात 1991 च्या सुमारास साम्यवादी राजवट कोसळली. पुढे 1997 साली दामदुपटीच्या फसव्या योजना बुडाल्या आणि असंख्य कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी त्यांत गेली. पोटासाठी माणसे देशोधडीला लागली. पश्चिम युरोपात अल्प मुदतीसाठी व्हिसाविना जाण्याची मुभादेखील अल्बेनियनांना 2010 च्या डिसेंबरात मिळाली. राहण्याची आणि कामाची तर बातच नको. अशा स्थितीत फाबिओ नावाचा दलाल लोर्नाचे लग्न क्लोदी या बेल्जियन तरुणाशी लावून देतो. क्लोदी व्यसनात बुडालेला आहे आणि त्याला पैसे हवे आहेत. लोर्नाला नागरिकत्व हवे आहे. तिचा खरा प्रियकर सोकोल देशोदेशी मजुरी करीत हिंडतो, आणि दोघांनी मिळून लिएजमध्ये एक लहानसे उपाहारगृह थाटावे असे तिचे स्वप्न आहे.

व्यवहार एवढ्यावर संपत नाही. लोर्ना स्वतः बेल्जियन झाली की तिचे दुसरे लग्न एका रशियन गृहस्थाशी लावावयाचे आहे. त्यालाही नागरिकत्व हवे आहे आणि तो मोठी रक्कम मोजणार आहे. परंतु घटस्फोटाला वेळ लागतो. व्यसनी माणूस जास्त मात्रेने मेला तर कोणी चौकशी करीत नाही, असा फाबिओचा हिशेब आहे. लोर्नाला हा हिशेब ठाऊक आहे. ती क्लोदीला तो सांगत नाही. हेच तिचे मौन.

आमचे आयुष्य सरकारी कचेरीत फायलींच्या सहवासात गेले. त्यामुळे हा चित्रपट पाहताना आम्हांस प्रथम कायदा आठवला. बेल्जियमने 1999 साली आपल्या दिवाणी संहितेत एक कलम घातले. वधूवरांपैकी एकाचाही हेतू कायमचे सहजीवन उभारण्याचा नसून केवळ वास्तव्याचा लाभ मिळवण्याचा आहे, असे परिस्थितीवरून स्पष्ट दिसले, तर तो विवाह झालाच नाही असे मानावे, असा त्याचा आशय. 2006 साली असा विवाह दंडनीय गुन्हा ठरवण्यात आला. कायद्यात गैर काही नाही, कोणतेही राज्य असेच करील. पण अडचण ‘हेतू’ या शब्दापाशी येते. अर्जात नाव, जन्मतारीख आणि पत्ता यांसाठी रकाने असतात, हेतूसाठी रकाना नसतो. शिवाय कायदा विवाहाच्या दिवशीचा हेतू विचारतो. पुढे एका छपराखाली राहताना तो बदलला तर काय, हे कोण विचारणार?

दार्देन बंधू नेमके तेच विचारतात. क्लोदी व्यसन सोडण्याची धडपड करतो. तो भिंतीपलीकडून ‘लोर्ना, लोर्ना’ अशी हाक मारीत राहतो. कधी पाणी मागतो, कधी पत्ते खेळायला बोलावतो. पैसे स्वतःजवळ राहिले तर ते विषात जातील, म्हणून तो ते तिच्याजवळ ठेवावयास देतो. लोर्ना आरंभी त्रासते, दार लावून घेते. तिच्या लेखी तो माणूस नव्हे, कागदपत्रांतील एक आवश्यक नोंद आहे. परंतु जो रोज हाक मारतो तो फार काळ नुसती नोंद राहू शकत नाही. अखेर ती त्याला इस्पितळात पोचवते.

येथून कथेला जे वळण मिळते ते आम्हांस विलक्षण वाटते. क्लोदीचा जीव वाचवावयाचा तर घटस्फोट लवकर झाला पाहिजे, म्हणजे फाबिओला त्याच्या मरणाची गरज उरणार नाही. लवकर घटस्फोटासाठी पती मारझोड करतो असे दाखवावे लागते. ती क्लोदीला म्हणते, मला मार. त्याचा हात उठत नाही. मग ती स्वतःच भिंतीवर अंग आपटून घेते आणि ते वळ पुरावा म्हणून पुढे करते. म्हणजे पाहा, विवाहाचा दाखला खरा होता पण विवाह खोटा होता. आता पुरावा खोटा आहे, पण त्यामागची माया खरी आहे. त्या खोट्या संसारात पत्नी म्हणून तिने केलेले पहिले खरे कर्तव्य म्हणजे घटस्फोट मागणे!

घटस्फोट मंजूर होतो, पण फाबिओचा बेत बदलत नाही. क्लोदी पुन्हा विषाकडे वळू लागतो तेव्हा ती दाराला कुलूप घालून किल्ली खिडकीबाहेर फेकते, आणि त्या रात्री ते खऱ्या अर्थाने पतिपत्नी होतात. दुसऱ्या दिवशी क्लोदी सायकलीवरून निघतो आणि लोर्ना हसत त्याच्याबरोबर धावते. लगेच पुढच्या दृश्यात ती त्याचे कपडे निवडून काढीत असते. ते मृतदेहासाठी आहेत हे आपल्याला क्षणभराने उमगते. मृत्यू पडद्यावर येतच नाही. खरोखरीच्या जगातही असल्या माणसांचे मृत्यू असेच कोणाच्या दृष्टीस न पडता होऊन जातात.

पुढे लोर्नाला आपण गरोदर आहोत असे वाटू लागते. डॉक्टर सांगतात की गर्भ नाही, पण तिचा विश्वास ढळत नाही. रशियन गृहस्थाबरोबरचा व्यवहार मोडतो, सोकोल आपले पैसे घेऊन दूर होतो, आणि फाबिओचा माणूस तिला मोटारीत घालून नेऊ लागतो. आपल्याही जिवाचे बरे दिसत नाही हे ओळखून ती त्याच्या डोक्यात दगड घालून रानात पळते. एका रिकाम्या झोपडीत शेकोटी पेटवून ती त्या नसलेल्या मुलाशी बोलत निजते. क्लोदीला आपण मरू दिले, याला मात्र मरू देणार नाही, असा तिचा निर्धार दिसतो. तेथे बीथोवेनच्या अखेरच्या पियानो-सोनाटाचे स्वर ऐकू येतात आणि चित्रपट संपतो.

हा शेवट कित्येकांना रुचला नाही. आम्हांस तो योग्य वाटतो. ज्या अपराधाची शिक्षा कोणतेही न्यायालय तिला देणार नव्हते, त्याचे ओझे ती पोटात वाहते आहे. आर्ता दोब्रोशी या कोसोव्होच्या अभिनेत्रीने हे सारे जवळजवळ न बोलता उभे केले आहे. या भूमिकेसाठी त्या फ्रेंच भाषा शिकल्या. क्लोदीचे काम करणारे जेरेमी रेनिए यांचे खंगलेले शरीर तर विसरता येत नाही.

याच विषयावर पीटर वेअर यांचा ‘ग्रीन कार्ड’ हा 1990 सालचा चित्रपट आहे. त्यातही कागदी नवराबायको एकमेकांच्या प्रेमात पडतात, आणि आपण हसत घरी जातो. तो खेळकर आहे, आणि तसाच असावयास हवा. पण तेथे नायिकेला हवे असते ते काचघर असलेले एक घर. येथे देशच हवा आहे, आणि किंमत एका माणसाच्या प्राणाची आहे.

भगिनी-बंधूंनो, आपल्या भाषेत एक म्हण आहे: सोय जाणेल तो सोयरा. अशा विवाहाला आपण ‘सोयीचे लग्न’ म्हणतो आणि नाक मुरडतो. परंतु ही म्हण सांगते की सोय ही हलकी गोष्ट नव्हे, ती कोणाची जाणायची एवढाच प्रश्न आहे. लोर्नाने आपली सोय पाहून लग्न केले तेव्हा ती कोणाची सोयरी नव्हती. क्लोदीची सोय तिने जाणली त्या दिवशी ती सोयरी झाली, आणि तोवर फार उशीर झाला होता.

परगावी राहणाऱ्या आपणा सर्वांचे बहुतेक संबंध सोयीनेच जुळतात. घरमालक, भाडेकरू, शेजारी, घरकामाची बाई, कचेरीतला हंगामी शिपाई, यांतले कोणी आपल्या रक्ताचे नाही. हे मंडळदेखील पन्नास वर्षांपूर्वी सोयीसाठीच निघाले असणार: गणपती बसवावा, चार शब्द मराठीत बोलावे, मुलांना अक्षरओळख व्हावी. त्याचे सोयरेपण झाले ते कोणाच्या आजारपणात रात्री जागवणाऱ्यांमुळे आणि निवृत्तीनंतर एकटे पडलेल्यांच्या दारी जाणाऱ्यांमुळे. घटनापत्रकात त्याची नोंद सापडणार नाही. म्हणून भिंतीपलीकडून कोणी हाक मारीत असेल, तर त्याचे आपले नाते काय हे कागदावर शोधत न बसता आधी उठून दार उघडावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.