हक्काची खिडकी बंद होता कामा नये

(नागपूर येथे दिलेल्या एका व्याख्यानाचा मजकूर)



विषमतेचा विचार करताना समाजवादी चळवळीने जमीन, भांडवल, शिक्षण आणि जात या चार गोष्टींवर सातत्याने बोट ठेवले. गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्यांच्या जोडीला पाचवी गोष्ट येऊन बसली आहे. ती म्हणजे शासनापर्यंत पोहोचण्याचे साधन. पूर्वी हे साधन कागद, कचेरी आणि कारकून असे होते. आता ते मोबाइल, अ‍ॅप आणि ओटीपी असे झाले आहे. ज्याच्या हाती हे साधन आहे त्याचे काम घरबसल्या होते. ज्याच्या हाती ते नाही त्याचा हक्क कायद्याच्या पुस्तकात शाबूत राहूनही व्यवहारात नाहीसा होतो.

या प्रश्नाची चर्चा बहुधा यंत्रांच्या मोजदादीपाशी थांबते. ती मोजदाद उपयोगाची आहेच. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ साली, देशातील सुमारे २४ टक्के कुटुंबांत इंटरनेटची सोय आढळली. शहरांत हे प्रमाण ४२ टक्के होते, तर खेड्यांत १५ टक्क्यांहून किंचित कमी. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५७ टक्के पुरुषांनी, पण केवळ ३३ टक्के स्त्रियांनी आयुष्यात कधीतरी इंटरनेट वापरल्याचे सांगितले. पुढारलेल्या म्हणवणाऱ्या महाराष्ट्रातही स्त्रियांचे हे प्रमाण ३८ टक्क्यांच्या आसपासच होते. त्यानंतर फोनांची संख्या खूप वाढली, हे मान्य केले पाहिजे. परंतु घरात एक फोन असणे आणि घरातील प्रत्येकाच्या हाती तो असणे यांत अंतर आहे. फोन हाती असणे आणि त्यावर सरकारी अर्ज स्वतः भरता येणे यांत त्याहून मोठे अंतर आहे. तेव्हा खरा प्रश्न यंत्र किती जणांकडे आहे एवढाच नाही. यंत्र नसलेल्या माणसासाठी शासनाने दुसरा कोणता दरवाजा उघडा ठेवला आहे, हा तो प्रश्न आहे.

नागपूर हे या प्रश्नाच्या विचाराला योग्य ठिकाण आहे. १४ एप्रिल २०१७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीदिनी, पंतप्रधानांनी याच शहरात ‘भीम-आधार’ या व्यवस्थेचे उद्घाटन केले. अंगठा टेकवला की दुकानदाराला पैसे मिळतील, असे तिचे स्वरूप. शहराच्या दक्षिणेला मिहानमध्ये मोठमोठ्या संगणक कंपन्यांच्या इमारती उभ्या आहेत. आणि याच शहराभोवती काटोलपासून हिंगणघाटपर्यंत कापसाचा मुलूख पसरला आहे. त्या मुलुखात या नव्या साधनाचा अनुभव काय आला, ते पाहू.

महाराष्ट्रात १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. तिचे दोष अनेक होते. चुकारे रखडत, प्रतवारीत अन्याय होई, तोटा साचत गेला. तथापि एक गोष्ट तिच्यात होती: शेतकऱ्याने बंडी केंद्रावर नेली की त्याचा कापूस घेणे शासनाला भाग होते. पुढे ती योजना मोडीत निघाली आणि हमीभावाने खरेदीची जबाबदारी मुख्यतः भारतीय कापूस महामंडळावर आली. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० रुपये हमीभाव ठरला. त्याच हंगामात महामंडळाने ‘कपास किसान’ नावाच्या अ‍ॅपवर आगाऊ नोंदणी आवश्यक केली. योगायोग असा, की त्याच सुमारास, १९ ऑगस्ट २०२५ पासून, केंद्राने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क उठवले आणि ही सवलत पुढे वर्षअखेरपर्यंत वाढवली. म्हणजे परदेशी कापसासाठी दार उघडले गेले, आणि वऱ्हाड-नागपूरच्या कापसासाठी दारावर एक नवी कडी बसली.

ही कडी एकटी नाही. ती एका साखळीचा भाग आहे. नोंदणीसाठी सातबाऱ्यावर कापसाचा पेरा दिसला पाहिजे. तो दिसण्यासाठी ई-पीक पाहणी झालेली पाहिजे, आणि ऑगस्ट २०२१ पासून ती बांधावर उभे राहून मोबाइलवर करण्याची जबाबदारी शेतकऱ्यावर आली आहे. पूर्वी ते काम तलाठ्याचे होते. त्यापुढे आधार हवे, आधाराशी जोडलेला मोबाइल क्रमांक हवा, त्यावर ओटीपी आला पाहिजे, अर्जाला मंजुरी मिळाली पाहिजे आणि मग माल आणण्याची तारीख मिळाली पाहिजे. बांधावर रेंज नसेल, क्रमांक बदलला असेल, सातबारा मृत वडिलांच्या नावे असेल किंवा शेत मक्त्याने केलेले असेल, तर साखळी तेथेच तुटते. हमीभाव रद्द झाला असे कोणी म्हणत नाही. पण त्या शेतकऱ्यापुरता तो रद्द झालेलाच असतो. कापूस मात्र तारखेची वाट पाहत घरात पडून राहू शकत नाही. दिवाळीच्या तोंडावर मजुरांचे, दुकानदाराचे आणि सावकाराचे देणे असते. अशा वेळी गावात येऊन खेडा खरेदी करणारा व्यापारी कमी भाव देतो, पण तो ओटीपी मागत नाही.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे घडते ते असे. प्रत्येक सार्वजनिक कामाला खर्च असतो: माहिती गोळा करण्याचा, ती तपासण्याचा, नोंदवण्याचा. हा खर्च आजवर शासन आपल्या नोकरवर्गामार्फत करीत होते. अ‍ॅप आले, तलाठ्याची फेरी वाचली, खिडकीवरचा कारकून वाचला. परंतु काम नाहीसे झाले नाही. ते नागरिकाच्या अंगावर टाकले गेले. शेतकऱ्याचा बुडालेला दिवस, तालुक्याच्या दोन चकरांचे भाडे, सेवा केंद्रावर किंवा गावातल्या जाणत्या पोराला दिलेले शे-दोनशे रुपये, ही सारी त्या कामाचीच किंमत आहे. शासनाची बचत अंदाजपत्रकात दिसते. गरिबांचा हा खर्च कोणत्याच हिशेबात येत नाही. शिवाय तो उत्पन्नाच्या उलट प्रमाणात पडतो. ज्याला इंग्रजी वाचता येते आणि ज्याच्या घरी चांगले नेटवर्क आहे, त्याला काहीच द्यावे लागत नाही. ज्याची मजुरी रोजची आहे, त्याला दिवसच द्यावा लागतो. हा एक अघोषित कर आहे, आणि तो श्रीमंतांना माफ आहे.

यावर सांगितले जाते, की तंत्रज्ञानाचा स्वभावच असा आहे, त्याला इलाज नाही. हे म्हणणे महाराष्ट्राच्याच अनुभवाने खोटे ठरते. २०१७ च्या जूनमध्ये राज्य शासनाने ३४,०२२ कोटी रुपयांची शेतकरी कर्जमाफी जाहीर केली. तिच्यासाठी प्रत्येक शेतकऱ्याने ऑनलाइन अर्ज भरायचा होता आणि त्यात पती-पत्नी दोघांची माहिती द्यायची होती. सेवा केंद्रांपुढे रांगा लागल्या, मुदत वाढवावी लागली आणि पुढे याद्यांतील विसंगतींमुळे वाटपही रखडले. दोनच वर्षांनी, डिसेंबर २०१९ मध्ये, नागपूरच्याच हिवाळी अधिवेशनात महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाची दुसरी कर्जमुक्ती योजना जाहीर झाली. या वेळी अर्जच नव्हता. कर्जाची माहिती बँकांकडे होतीच. ती बँकांनी द्यायची, याद्या प्रसिद्ध व्हायच्या आणि शेतकऱ्याने केवळ आपली ओळख पटवायची. शेतकरी तेच होते, संगणक तेच होते, आधारही तेच होते. फरक इतकाच, की माहिती गोळा करण्याचा भार पहिल्या वेळी शेतकऱ्यावर टाकला होता आणि दुसऱ्या वेळी संस्थांवर. हा निर्णय यंत्र करीत नाही. तो राज्यकर्ते करतात.

शिक्षणाच्या क्षेत्रातही हेच दिसून आले. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि अभ्यास मोबाइलवर गेला. घरातला एकुलता एक फोन बापाबरोबर कामावर जाई. मुलांचा वर्ग त्याच्याबरोबर जाई. तेव्हा २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पाठ्यक्रमावर आधारलेली मालिका सुरू झाली. दूरदर्शन शिक्षकाची जागा घेऊ शकत नाही, हे खरे. पण लोकांकडे जे साधन आहे ते ओळखून त्यातून त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा तो प्रयत्न होता. साधन लोकांनी बदलावे की शासनाने, या प्रश्नाचे ते एक योग्य उत्तर होते.

स्त्रियांच्या बाबतीत हा अन्याय दुहेरी होतो. दरमहा १,५०० रुपये देणाऱ्या लाडकी बहीण योजनेत सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीचे झाले. लाभार्थी स्त्रीबरोबर तिच्या पतीचे किंवा वडिलांचे आधारही पडताळायचे होते. विधवा आणि परित्यक्ता यांनी ओटीपी कोणाचा आणायचा? अखेर मुदत वाढवावी लागली आणि अशा स्त्रियांकडून कागदपत्रे स्वीकारण्याची वेगळी व्यवस्था करावी लागली. यातून दोन गोष्टी सिद्ध होतात. यंत्रणेची आखणी करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे ही स्त्री नव्हती. आणि मनात आणले की दुसरी खिडकी उघडता येते.

न वाचता येणाऱ्या दस्तऐवजावर माणसाचे नशीब टांगलेले असणे महाराष्ट्राला नवे नाही. मे १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, ते त्या कागदावरची अक्षरे त्यांच्या विरुद्ध उभी होती म्हणून. परकीय सरकारलाही त्याची दखल घ्यावी लागली. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने शेतकऱ्याचे दस्तऐवज गाव-निबंधकासमोर करण्याची तरतूद केली. निरक्षराला नुसते ‘साक्षर हो’ असे सांगून ते सरकार मोकळे झाले नाही. पुढे १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुल्यांनी दाखवून दिले, की शिक्षणावरचा पैसा रयतेच्या करातून येतो आणि त्याचा लाभ वरचे वर्ग घेतात. आज तोच हिशेब इंटरनेटच्या जाळ्याचा मागितला पाहिजे. ग्रामपंचायतींपर्यंत तारा नेण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली. पुढे तिला ‘भारतनेट’ हे नाव मिळाले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या सुधारित टप्प्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर केले. हा पैसा जनतेचा आहे. त्यातून ग्रामपंचायतीच्या कपाटात एक बंद पेटी मिळते की गावकऱ्याला चालू सेवा मिळते, हे ग्रामसभेने विचारले पाहिजे. कारण दुसरीकडे जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खाजगी कंपन्यांनी मोबाइलचे दर एकाच सुमारास वाढवले आणि रिचार्ज हा गरिबाच्या घरखर्चातला कायमचा रकाना झाला.

कायदा या बाबतीत अगदीच मुका नाही. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीवनाच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. ज्यांचे डोळे अ‍ॅसिडहल्ल्याने गेले त्यांना पडताळणीसाठी पापणी मिटून दाखवायला सांगणारी यंत्रणा त्या खटल्यात न्यायालयापुढे होती. आधार कायद्याच्या सातव्या कलमातही, ज्याला क्रमांक मिळालेला नाही त्याला ओळखीचे पर्यायी साधन देण्याची तरतूद आहे. मग क्रमांक आहे पण रेंज नाही, अंगठा आहे पण श्रमाने झिजलेला आहे, त्याला पर्याय का नसावा? महाराष्ट्राने २०१५ मध्ये लोकसेवा हक्क कायदा केला आणि विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला दंडाची तरतूद केली. परंतु त्या कायद्याचे घड्याळ अर्ज दाखल झाल्यावर चालू होते. सर्व्हर बंद असल्याने अर्ज दाखलच झाला नाही, तर विलंब झाला असे कोणी म्हणायचे आणि दंड कोणाला करायचा? ही पळवाट बुजवणे आवश्यक आहे.

यंत्राला विरोध करणे हा या विवेचनाचा हेतू नव्हे. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, तेव्हा तलाठ्याच्या दारातल्या कित्येक चकरा आणि ‘चहापाणी’ वाचले. थेट खात्यात पैसे आल्याने मधली गळती घटली. ही सुटका गरिबालाही हवी आहे. म्हणूनच मागणी यंत्र हटवण्याची नाही, ते हक्काची अट बनू न देण्याची आहे.

तीन गोष्टींचा आग्रह धरावा लागेल. पहिली, कोणताही कायदेशीर हक्क केवळ अ‍ॅपवर अवलंबून ठेवू नये. कागदी अर्ज स्वीकारणारी एक खिडकी प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि प्रत्येक खरेदी केंद्रावर कायद्याने उघडी असावी. दुसरी, यंत्रणा बंद पडली तर नागरिकाला तारखेची पोच मिळावी आणि त्या तारखेपासूनच त्याचा हक्क मोजला जावा. तिसरी, अर्ज भरून देणारा पगारी साहाय्यक गावात असावा. त्याला लोकांची भाषा यावी, मग ती मेळघाटात कोरकू असेल आणि गडचिरोलीत गोंडी, आणि त्याचे वेतन शासनाने द्यावे. यासाठी लागणारा पैसा हा नवा खर्च समजू नये. जो खर्च शासनाने गुपचूप गरिबांच्या माथी मारला, तो परत आपल्या खात्यावर घेणे एवढाच त्याचा अर्थ आहे.

दर हिवाळ्यात या नगरीत अधिवेशन भरते आणि विदर्भाच्या कानाकोपऱ्यातून मोर्चे येतात. भावाची, मजुरीची, पेन्शनची मागणी घेऊन ते येतात. त्या प्रत्येक मागणीच्या खाली यापुढे एक ओळ लिहावी लागेल: जे मंजूर होईल ते मिळवण्याचा रस्ता, फोन नसलेल्या माणसालाही खुला असावा. कारण मंजूर झालेला पण हाती न आलेला हक्क नाकारलेल्या हक्काहून अधिक फसवा असतो. नाकारलेल्या हक्कासाठी निदान मोर्चा तरी काढता येतो.